रोझेलची मावशी

विद्येसाठीं परदेशीं निघालेल्या विद्यार्थ्याची खरी चिंता महाविद्यालयाची नसते. राहावयाचें कोणाकडे, जेवावयाचें काय आणि दुखण्यांत उशाशीं कोण बसणार, ही असते. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या तेव्हां या चिंतेचा परिहार आधींच झाला होता. आणि तोही एका दंतवैद्याच्या दारीं!

हकीकत अशी. गोपाळराव जोशी हे टपालखात्यांतील नोकर. पत्नीला अमेरिकेंत शिकवावयाचें त्यांच्या मनानें घेतलें आणि त्यांनीं रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिलें. वाइल्डरसाहेबांनीं तें आपल्या मासिकांत उत्तरासह छापलें. उत्तराचा मथितार्थ इतकाच कीं, साहाय्य हवें असेल तर ख्रिस्ती व्हावें. प्रकरण तेथेंच मिटावयाचें. परंतु १८८० च्या सुमारास न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर नांवाच्या गृहिणीनें दंतवैद्याकडे खोळंबून बसली असतां तें मासिक चाळलें. तिनें पत्र पाठविलें, आणि त्यांत धर्मांतराची अट नव्हती.

पुढें जवळजवळ तीन वर्षें या दोघींनीं एकमेकींस पाहिल्यावांचून नातें जोडलें. पतीच्या बदलीमुळें आनंदीबाई कलकत्त्यास होत्या. तेथें डोकेदुखी, ताप, दम यांनीं त्या बेजार झाल्या, तेव्हां कार्पेंटरबाईंनीं सातासमुद्रांपलीकडून औषधें धाडलीं. त्यांचा गुण आला नाहीं, ही गोष्ट वेगळी. इंग्रजींतील एका ‘आँट’ शब्दांत आत्या, काकू, मामी अशा साऱ्याच सामावतात. मराठींत मात्र या बाईंना ‘मावशी’ हेंच नांव रूढ झालें. माय मरो पण मावशी जगो, असें म्हणणाऱ्या समाजांत हा शब्द उगीच निवडला जात नाहीं.

१८८३ च्या फेब्रुवारींत सेरामपूरच्या कॉलेजांत आनंदीबाईंनीं इंग्रजींतून भाषण केलें. हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन, हा त्यांचा निर्धार त्यांत होता. टाळ्या घेणारें वाक्य व्यासपीठावर उच्चारणें सोपें. त्याची कसोटी लागते ती दुसऱ्याच्या घरीं, जेवणाच्या मेजाशीं. ७ एप्रिलला अठरा वर्षांची ही मुलगी पतीवांचून जहाजावर चढली आणि जूनमध्यें न्यूयॉर्कला उतरली. मावशी तिला घ्यावयास आली होती.

त्यानंतरचा उन्हाळा रोझेलला गेला. ज्या देशांत मांसावांचून जेवण पुरें होत नाहीं तेथें आनंदीबाई शाकाहारी राहिल्या. पोशाखहि त्यांनीं सोडला नाहीं. फक्त नऊवारी लुगड्यानें पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून, थंडीसाठीं, गुजराती पद्धतीनें साडी नेसण्यास आरंभ केला, आणि तो एवढासा बदलही पतीस पत्रानें कळविला! व्रत पाळणारीचें कौतुक आपण नेहमीं करतों. तें आपल्या घरांत पाळूं देणारीचें कौतुक मात्र क्वचितच होतें. स्वतः ख्रिस्ती असलेल्या कार्पेंटरबाईंच्या घरीं हें सारें घडलें, याचें मोल वाइल्डरसाहेबांच्या उत्तराशेजारीं ठेवून पाहावें.

शरदांत आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाल्या. मुख्याध्यापिका रेचेल बॉडली यांचा त्यांच्यावर लोभ होता. परंतु लोभानें हवा बदलत नाहीं. कडाक्याची थंडी आणि अंगीं न लागणारें अन्न यांनीं आधींच नाजूक असलेली प्रकृति खालावली व क्षयानें शरीरांत घर केलें. मध्यंतरीं गोपाळरावही अमेरिकेस आले आणि तेथील समाजावर व्याख्यानांतून कडक टीका करूं लागले. ज्यांच्या घरचें अन्न खाल्लें त्यांच्यापुढें आनंदीबाईंची त्या वेळीं कुचंबणा झाली असल्यास नवल नाहीं.

११ मार्च १८८६ रोजीं पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत आनंदीबाईंनीं अमेरिका सोडली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रीविभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. पण तेथें काम करण्याइतकें आयुष्य उरलें नव्हतें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचा अंत झाला. बाविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें.

गोपाळरावांच्या स्वभावाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि त्यांतलें बरेंचसें कडू आहे. परंतु यानंतर त्यांनीं जें केलें तें त्यांनाच सुचावें. पत्नीची रक्षा त्यांनीं मावशीकडे अमेरिकेस पाठविली. कार्पेंटरबाईंनीं ती न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी येथील दफनभूमींत, आपल्या माहेरच्या माणसांमध्यें ठेविली. तेथील दगडावर आनंदीबाईंचें नांव आणि पदवी कोरलेली असून, शिक्षणासाठीं हिंदुस्थान सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री, असा उल्लेख आहे.