चंदावरकर, सर नारायण गणेश

(२ डिसेंबर १८५५–१४ मे १९२३). मुंबईतील नामांकित वकील व उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, राष्ट्रीय सभेचे (काँग्रेसचे) अध्यक्ष, समाजसुधारक व प्रार्थनासमाजाचे धुरीण.

त्यांचा जन्म उत्तर कानडा जिल्ह्यातील होन्नावर येथे एका चित्रापूर सारस्वत कुटुंबात झाला. हा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला, आणि या फेरफारानंतर तेथील होतकरू तरुणांची विद्येची व चरितार्थाची वाट मुंबईकडे वळू लागली. त्याच वाटेने नारायणराव मुंबईस आले. त्यांचे मामा शामराव विठ्ठल कायकिणी हे वकील व आपल्या ज्ञातीतील सुधारणावादी पुढारी होते. त्यांच्याच स्मरणार्थ पुढे १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी पतपेढी स्थापन झाली. स्वतःच्या उत्कर्षाबरोबर आप्तेष्टांच्या व समाजाच्या उत्कर्षाचा भार शिरावर घेण्याचा जो धडा नारायणरावांना मिळाला, तो असा प्रथम घरातच मिळाला.

एल्फिन्स्टन कॉलेजात, जेथे इंग्रज कवी वर्ड्‌स्वर्थ यांचे नातू प्रोफेसर विल्यम वर्ड्‌स्वर्थ हे त्या काळी अध्यापन करीत होते, त्यांचे उच्च शिक्षण झाले व तेथेच त्यांनी दक्षिणा फेलो म्हणून काही काळ काम केले. १८८१ मध्ये ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले व मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले. तत्पूर्वीच *इंदुप्रकाश* या द्विभाषी साप्ताहिकाच्या इंग्रजी विभागाचे संपादकत्व त्यांच्याकडे आले होते, आणि वकिलीचा जम बसविण्याच्या ऐन धकाधकीतही ते त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. मुलींच्या शरीरसंबंधास संमतीचे वय वाढवू पाहणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकावरून महाराष्ट्रात जे रण माजले, त्यात ते न्यायमूर्ती रानडे, तेलंग व भांडारकर यांच्या बाजूने, म्हणजे विधेयकाच्या बाजूने, उभे राहिले.

१८८५ मध्ये इंग्लंडातील सार्वत्रिक निवडणुकीच्या सुमारास हिंदी जनतेची गाऱ्हाणी तेथील मतदारांपुढे मांडण्याकरिता जे तिघांचे शिष्टमंडळ पाठविण्यात आले, त्यात बंगालचे मनमोहन घोष व मद्रासचे रामस्वामी मुदलियार यांच्याबरोबर मुंबईतर्फे चंदावरकरांची योजना झाली. समुद्रपर्यटन हा ज्ञातिधर्माचा भंग मानला जात असलेल्या त्या काळात तिशीच्या उंबरठ्यावरील एका गृहस्थाश्रमी तरुणाने ही कामगिरी पत्करणे हे धैर्याचे कृत्य होते. ते मुंबईस परतले तेव्हा त्याच शहरी राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरत होते. पुढे पंधरा वर्षांनी, १९०० च्या डिसेंबरात लाहोर येथे भरलेल्या सोळाव्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले.

१९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती रानडे निवर्तले आणि त्यांच्या अनेक जबाबदाऱ्या चंदावरकरांवर येऊन पडल्या : उच्च न्यायालयातील त्यांची जागा, समाजसुधारणेसाठी भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे चिटणीसपद, आणि प्रार्थनासमाजाचे अध्यक्षत्व. न्यायाधीश या नात्याने हिंदू कायद्याच्या प्रश्नांत, जेथे मुंबई इलाख्यात *मिताक्षरा* व *व्यवहारमयूख* हे ग्रंथ प्रमाण मानले जात, तेथे मूळ संस्कृत वचनांचा अर्थ लावून निर्णय देण्याकडे त्यांचा कल असे. क्रांतिकारकांवरील नाशिक कटाच्या खटल्यासाठी सरन्यायाधीश सर बेसिल स्कॉट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तिघा न्यायाधीशांच्या खास न्यायासनावर ते होते, आणि याच न्यायासनाने २३ डिसेंबर १९१० रोजी विनायक दामोदर सावरकर यांना जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा फर्माविली. कायद्याच्या मार्गानेच देशाची उन्नती होईल अशी श्रद्धा बाळगणाऱ्या पिढीचा आणि त्या मार्गावरचा विश्वास उडालेल्या तरुण पिढीचा हा सामना महाराष्ट्राच्या इतिहासातील एक हृदयविदारक प्रसंग आहे, आणि चंदावरकरांच्या चरित्राचा विचार करताना तो वगळून चालत नाही.

१९०९ ते १९१२ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते व १९१० मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. शिक्षण म्हणजे केवळ पदवीची व नोकरीची तजवीज नव्हे, तर शीलाची घडण होय, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून विद्यार्थ्यांशी त्यांचा संबंध विद्यापीठाच्या दप्तरापुरता न राहता व्याख्यानांच्या व व्यक्तिगत उपदेशाच्या द्वारे दीर्घकाळ टिकला. न्यायासनावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी अल्पकाळ इंदूर संस्थानची दिवाणगिरीही केली.

चंदावरकरांच्या जीवनाचे मर्म त्यांच्या धर्मनिष्ठेत आहे. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाने एकेश्वरी उपासनेचा मार्ग स्वीकारला, मूर्तिपूजा व जातिभेद यांस नकार दिला, तथापि हिंदू समाजाशी फारकत न घेता तुकारामादी संतांच्या भक्तिपरंपरेशी आपले नाते जोडले. या समाजाच्या गिरगावातील मंदिरात चंदावरकर उपासना चालवीत, प्रवचने करीत, आणि संतवचनांची इंग्रजी काव्यातील विचारांशी सांगड घालून ईश्वरभक्ती व लोकसेवा ही एकाच साधनेची दोन अंगे आहेत असे प्रतिपादन करीत. जो धर्म मनुष्याला मनुष्याजवळ आणीत नाही तो धर्म नव्हे, ही त्यांची धारणा होती.

या धारणेची कसोटी अस्पृश्योद्धाराच्या कार्यात लागली. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत परळ येथे जी शाळा काढून निराश्रित साहाय्यकारी मंडळीचा पाया घातला, तिचे उद्‌घाटन चंदावरकरांच्या हस्ते झाले व मंडळीचे अध्यक्षपदही त्यांनीच स्वीकारले. हे काम दुसऱ्यांवरील उपकार नसून त्यात उच्चवर्णीयांची स्वतःचीच उन्नती आहे, असे ते मानीत. ११ नोव्हेंबर १९१७ रोजी मुंबईत त्यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य वर्गांची जी सभा भरली, तिने या वर्गांवरील सामाजिक निर्बंध दूर करण्याविषयी ठराव करावा अशी मागणी राष्ट्रीय सभेकडे केली, आणि त्याच वर्षाअखेर कलकत्त्याच्या अधिवेशनात तसा ठराव संमत झाला. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात राष्ट्रीय सभेने ज्या प्रश्नास आपल्या व्यासपीठापासून दूर ठेवले होते, त्याला तेथे वाट मिळाली ती या खटपटीने.

राजकारणात ते अखेरपर्यंत नेमस्त राहिले. जालियनवाला बागेच्या हत्याकांडासंबंधी हंटर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर १९२० मध्ये मुंबईत जी निषेधसभा भरली तिचे ते अध्यक्ष होते. परंतु त्याच वर्षी असहकारितेविरुद्ध निघालेल्या जाहीरनाम्यावरही त्यांची सही होती, व त्यास महात्मा गांधींनी *यंग इंडिया*तून उत्तर दिले. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार १९२१ मध्ये अस्तित्वात आलेल्या मुंबई कायदेमंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. बंगलोर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचे चिरंजीव सर विठ्ठल नारायण चंदावरकर हे मुंबईचे महापौर व पुढे १९३३ ते १९३९ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पित्याने भूषविलेल्या पदावर पुत्राने बसावे हे भाग्य, मामाच्या आदर्शापासून सुरू झालेल्या कौटुंबिक संस्कारास आलेले फळ म्हणता येईल. ग. ल. चंदावरकर यांनी इंग्रजीत लिहिलेले नारायणरावांचे चरित्र १९५५ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, प्रसिद्ध झाले.

रानड्यांची व्यापक प्रज्ञा किंवा शिंद्यांचे सर्वस्वार्पण यांशी चंदावरकरांची तुलना करण्याचे कारण नाही. त्यांचे मोठेपण असे की, सरकारदरबारी मानाची बहुतेक पदे चालून आली असताही त्यांनी प्रार्थनामंदिरातील सेवा कधी दुय्यम मानली नाही. न्यायासन, विद्यापीठ व दिवाणगिरी ही पदे आली आणि मुदत संपताच गेली, परंतु १९०१ मध्ये स्वीकारलेले प्रार्थनासमाजाचे अध्यक्षत्व त्यांनी देहावसानापर्यंत निष्ठेने वाहिले.