मोतीबिंदू पिकतो, काचबिंदू थांबत नाही : दृष्टिरक्षणाच्या इतिहासातील एक धडा

घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड या परिसरात मोतीबिंदू हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाही. “अजून पिकला नाही, पिकला की काढू” हे वडीलधाऱ्यांचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे १९९४ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू शस्त्रक्रियांची योजना राबविली गेली. त्यांत महाराष्ट्रही होता. शासकीय रुग्णालये आणि सेवाभावी संस्थांच्या शिबिरांमुळे गेलेली दृष्टी परत येते, हा विश्वास खेडोपाडी रुजला.

काचबिंदूच्या बाबतीत मात्र हाच विश्वास घातक ठरतो. डोळ्यात सतत पाझरणाऱ्या द्रवाचा निचरा अडला की आतील दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेचे तंतू हळूहळू नष्ट होतात. बहुधा वेदना होत नाही. प्रथम कडेची नजर जाते. समोरचे अक्षर स्पष्ट दिसत राहते. गेलेले तंतू कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाहीत.

हे ज्ञान मानवास उशिरा झाले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात वर्णिलेल्या, घुसळल्यासारखी वेदना देणाऱ्या ‘अधिमंथ’ विकाराची तुलना काही अभ्यासक तीव्र काचबिंदूशी करतात. परंतु मूकपणे वाढणारा काचबिंदू ओळखण्यासाठी डोळ्याच्या आत पाहणे आवश्यक होते. ते १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांच्या नेत्रदर्शक यंत्राने शक्य झाले. १८५७ मध्ये ग्रेफे यांनी तीव्र काचबिंदूवरील शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. १९०५ मध्ये नॉर्वेच्या श्योत्स यांनी नेत्रदाब मोजण्याचे सुटसुटीत उपकरण दिले, तर १९०९ मध्ये मद्रास येथे एलियट यांनी द्रवास नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया सुरू केली. १९७८ पासून टिमोलॉलसारखे थेंब वापरात आले. साधने अशी वाढत गेली; तरीही दक्षिण भारतातील सर्वेक्षणांत आढळलेल्या दर दहा रुग्णांपैकी नऊ वा अधिक जणांना आपल्या आजाराची कल्पनाच नव्हती.

दौंड हे रेल्वेचे जुने जंक्शन. गाडी चालविणाऱ्यांची दृष्टी ठरावीक काळाने तपासण्याची रेल्वेतील शिस्त तेथील कुटुंबांस परिचित आहे. तीच नियमितता प्रत्येक घराने स्वीकारावयास हवी. मात्र केवळ अक्षरांचा तक्ता वाचून काचबिंदू सापडत नाही. नेत्रदाब मोजणे, बाहुलीतून दृष्टिचेतेचे मुख पाहणे आणि गरजेनुसार दृष्टिक्षेत्र तपासणे आवश्यक असते. दाब सामान्य असूनही हा विकार होऊ शकतो, म्हणून एकच चाचणी पुरत नाही. चाळिशीनंतरच्या व्यक्ती, रुग्णाची भावंडे व मुले, मधुमेही आणि स्टेरॉइडयुक्त औषधे दीर्घकाळ घेणारे यांनी ही तपासणी टाळू नये.

निदानानंतर थेंब बहुधा आयुष्यभर घालावे लागतात. त्यांनी नजर सुधारत नाही, म्हणून अनेक जण ते मध्येच सोडतात. परंतु उरलेली नजर टिकणे हेच त्या उपचाराचे यश असते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पट्टी सुटते, तो दिवस सारे घर आनंदाने पाहते. काचबिंदूच्या उपचारात असा दिवस येत नाही. शिबिराच्या अहवालात शस्त्रक्रियांची संख्या नोंदविता येते. वेळीच झालेल्या तपासणीमुळे ज्यांच्या दारी अंधत्व आलेच नाही, त्यांची नोंद कोठेच होत नाही. दृष्टिदानाच्या परंपरेने यापुढे या न दिसणाऱ्या कार्यासही तितकेच मोल द्यावयास हवे.