वर्गणीदार ३७

न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘कॅमेरा वर्क’ या त्रैमासिकाचा ४९वा आणि ५०वा असा जोडअंक १९१७च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला आणि तोच शेवटचा ठरला. १९०३ साली आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी ते सुरू केले तेव्हा हजार प्रती छापल्या जात. अखेरीस वर्गणीदार उरले अवघे ३७. छायाचित्रणाच्या इतिहासात या आकड्याचा उल्लेख वारंवार येतो, आणि बहुधा हळहळ व्यक्त करण्यासाठी येतो. आम्हांस मात्र तो दुसऱ्याच कारणासाठी आठवतो. छायाचित्रणाची छापील नियतकालिके वर्गणी भरून घ्यावीत काय, हा प्रश्न ग्रंथालयांच्या बैठकीत अलीकडे निघतो आणि यादी आखडती घेताना पहिली काट बहुधा त्यांच्यावरच बसते. चित्रे काय, पडद्यावर हवी तेवढी दिसतात, असे कुणीतरी म्हणते आणि विषय संपतो.

परंतु छायाचित्र आणि वर्गणी यांचे नाते फार जुने आहे. छायाचित्रणाचा शोध जगजाहीर झाला १८३९ साली. त्यानंतर पाच वर्षांतच इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हा ग्रंथ भागाभागांनी विकावयास काढला. १८४४ ते १८४६ या काळात त्याचे सहा भाग निघाले, एकूण चित्रे २४. मूळ बेत याहून मोठा होता. पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत, शिवाय कागदावर चिकटवलेली चित्रे फिकट पडू लागली आणि काम तेथेच थांबले. म्हणजे ग्राहकांची वाण ही या क्षेत्राची जन्मजात व्याधी आहे. संगणकाने ती आणली नाही.

आपल्याकडेही हा व्यवहार लवकर आला. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतरच्या. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेतील एक उत्साही सभासद. तिच्या आश्रयाने विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या दरम्यान ‘इंडियन अ‍ॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ मासिक भागांनी प्रसिद्ध केला. प्रत्येक भागात तीन छायाचित्रे असत, आणि ती छापलेली नव्हेत, तर काचेवरील मूळ प्रतिमेवरून कागदावर उतरवून हाताने चिकटवलेली. मजकुराबरोबर छायाचित्र छापण्याची हाफटोन पद्धत तोवर रुळलेली नव्हती. अशा अंकाचा ग्राहक वर्गणी भरून बातमी विकत घेत नव्हता, तो चित्रच विकत घेत होता. मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या वेशभूषेचा आज जो चित्रपुरावा अभ्यासक वापरतात, त्यातील बराचसा याच उद्योगातून आलेला आहे. जॉन्सन यांनी पुढे १८६३ आणि १८६६ साली काढलेल्या ग्रंथांतही त्यातील काही चित्रे आली.

हाफटोनने चित्र स्वस्त केले. बारीकमोठ्या ठिपक्यांनी उजेड-सावली भासवण्याची ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र पसरली, आणि सचित्र साप्ताहिके तिच्या आधारावर उभी राहिली. स्टिग्लिट्झ यांनी मात्र बहुतेक महत्त्वाच्या चित्रांसाठी तिच्याकडे पाठ फिरवली. ते फोटोग्राव्ह्युर वापरीत. तांब्याच्या पत्र्यावर चित्र आम्लाने कोरले जाते. जेथे खड्डा खोल तेथे शाई अधिक, म्हणून काळ्या रंगाला खरोखरीचा गर्दपणा येतो. काही चित्रे पातळ जपानी कागदावर उतरवून अंकात हाताने चिकटवली जात. एवढा सोस करणारा संपादक व्यवहारात बुडणार हे उघडच होते. त्यातून त्यांनी रोदँची रेखाचित्रे छापली, १९१२च्या विशेषांकात मातीस आणि पिकासो यांना स्थान दिले. कॅमेरा बाळगणारे वर्गणीदार संतापले, कारण आपल्या छंदाच्या मासिकात त्यांना हे नको होते. पुढे महायुद्ध आले. आपल्याकडे ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले तेव्हाही संपादकाचा हट्ट आणि वाचकांची आवड यांतील अंतराची पुष्कळ चर्चा झाली होती, तिची येथे आठवण होते.

त्या अखेरच्या जोडअंकात पॉल स्ट्रँड या तरुणाची छायाचित्रे होती. त्यांत न्यूयॉर्कच्या रस्त्यावरील एका आंधळ्या बाईचे चित्र आहे, गळ्यात ‘आंधळी’ अशी पाटी अडकवलेली. अंक निघून दहा-बारा वर्षे लोटल्यावर वॉकर एव्हन्स नावाच्या होतकरू छायाचित्रकाराने न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात ‘कॅमेरा वर्क’चे अंक चाळले आणि हे चित्र पाहिले. आपल्याला हेच करावयाचे आहे असे त्या चित्रामुळे उमगले, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. १९३६ साली अलाबामातील कुळांच्या घरांची जी छायाचित्रे एव्हन्स यांनी घेतली, त्यांनी अमेरिकेला तिचे दारिद्र्य दाखवले. ३७ वर्गणीदार उरलेले नियतकालिक ग्रंथालयाच्या फळीवर होते, म्हणून हे घडले.

अर्थात सर्वच मासिके ‘कॅमेरा वर्क’ नसतात, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील ‘पॉप्युलर फोटोग्राफी’ १९३७ साली निघाले आणि ८० वर्षे चालून २०१७ साली त्याची छपाई थांबली. अशा मासिकांचा मोठा भाग भिंगांच्या चाचण्या, रसायनांची प्रमाणे, दुकानांच्या किमती आणि जाहिराती यांनी व्यापलेला असे. ही माहिती महिनाभर उशिरा कागदावर वाचण्यात आता काही अर्थ उरला नाही. तेवढ्यासाठी कुणी वर्गणी भरीत असेल तर त्याने ती खुशाल बंद करावी. मात्र संगणकावरची माहिती कायम राहते हा समज तेवढाच पोकळ आहे. कॅमेऱ्यांच्या परीक्षणांसाठी जगभर वाचले जाणारे ‘डीपीरिव्ह्यू’ हे संकेतस्थळ १९९८पासून चालू होते. ते बंद करण्याची घोषणा मालकांनी २०२३च्या मार्चमध्ये केली आणि पाव शतकाचा मजकूर एका निर्णयावर लटकला. जूनमध्ये दुसऱ्या मालकाने ते घेतले म्हणून निभावले. छापील मासिक बंद पडते तेव्हा निदान त्याचे जुने अंक घरोघर असतात.

दुसऱ्या बाजूस ‘अ‍ॅपर्चर’ आहे. मायनर व्हाइट, अँसेल अ‍ॅडम्स, डोरोथिया लँग आदींनी १९५२ साली काढलेले हे त्रैमासिक उपकरणांच्या बाजारापासून दूर राहिले. संपादकाने निवडलेली, ठरावीक क्रमाने मांडलेली, ठरावीक आकारात छापलेली चित्रे हा त्याचा ऐवज. पडद्यावर चित्राचा आकार पाहणाऱ्याच्या यंत्रावर अवलंबून असतो. येथे तो छायाचित्रकार आणि संपादक यांनी ठरवलेला असतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला तर हे पानच हवे असते. बडोद्यास राहिलेल्या आणि २०१२ साली येथेच निवर्तलेल्या होमाई व्यारावाला यांचे उदाहरण पाहावे. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. २०१० साली त्यांनी आपला संग्रह दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाकडे सोपवला, त्यामुळे चित्रे सुखरूप आहेत. परंतु कोणते चित्र कोणत्या आठवड्यात, केवढे, कोणत्या जाहिरातीशेजारी आणि कोणाच्या नावाखाली वाचकांपुढे आले, हे ‘इलस्ट्रेटेड वीकली’सारख्या साप्ताहिकाच्या पानावरच कळते. ते साप्ताहिक १९९३ साली बंद झाले. त्याचे अंक बांधणी करून ठेवणारी ग्रंथालये थोडी, रद्दीत घालणारी पुष्कळ.

तेव्हा आमचे मत असे की घरी कोणते मासिक घ्यावे हा ज्याच्या-त्याच्या ऐपतीचा आणि आवडीचा भाग आहे, ग्रंथालयाने मात्र उपकरणांची मासिके सोडून चित्रांसाठी छापले जाणारे निदान एक नियतकालिक चालू ठेवावे. त्याच्या वर्गणीइतकीच रक्कम वर्षअखेरच्या बांधणीसाठीही मंजूर करून घ्यावी. सुटे अंक टिकत नाहीत, आणि मधली पाने कात्रणांसाठी प्रथम जातात ती चित्रांचीच.