टेबल टेनिसपटू, व्यावसायिक

टेबल टेनिस खेळणे हेच ज्याच्या उपजीविकेचे मुख्य साधन आहे, असा खेळाडू. त्यासाठी कोणती परीक्षा नाही की परवाना नाही. हौशी आणि व्यावसायिक हा भेद आंतरराष्ट्रीय महासंघाने (स्थापना १९२६) आयव्हर माँटेग्यू यांच्या अध्यक्षपदाच्या काळातच मोडीत काढला. लॉन टेनिसला मात्र त्यासाठी १९६८ साल उजाडावे लागले. म्हणून टेबल टेनिसमध्ये खरा प्रश्न एवढाच उरतो, की खेळाडूचा पगार कोण देतो?

जर्मनीत तो क्लब देतो. बुंडेसलिगा या तिथल्या लीगमधील क्लब हंगामाचा करार करतात आणि परदेशी खेळाडूही घेतात. चेन्नईचे शरथ कमल बोरुसिया ड्युसेलडॉर्फकडून खेळले. चीनमध्ये लहान वयातच निवडलेली मुले क्रीडाशाळांतून प्रांताच्या संघात आणि तिथून राष्ट्रीय संघात जातात. खर्च बव्हंशी सरकारी. भारताची वाट तिसरीच : नोकरी. रेल्वे, बँका आणि तेल कंपन्या खेळाडूंना कामावर घेतात आणि ते राष्ट्रीय स्पर्धांत त्या संस्थेच्या किंवा मंडळाच्या संघातून उतरतात. दहा वेळा राष्ट्रीय विजेते ठरलेले शरथ कमल इंडियन ऑइलचे अधिकारी. २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळवणाऱ्या ठाण्याच्या मधुरिका पाटकर आणि पुण्याच्या पूजा सहस्रबुद्धे याही तेल कंपन्यांच्या पेट्रोलियम क्रीडा मंडळाच्याच संघातल्या. अशा खेळाडूंना कागदोपत्री कर्मचारी म्हणा, पण ते हौशी नव्हेत. निवृत्तीनंतरची मीठभाकर चालते ती याच नोकरीवर. २०१७पासूनच्या अल्टिमेट टेबल टेनिस लीगने पैसा आणला खरा, पण ती वर्षातून थोडेच दिवस चालते.

वरच्या पातळीवर मात्र सगळे जागतिक क्रमवारीशी बांधलेले असतात. गेल्या बारा महिन्यांतील सर्वोत्तम आठ निकालांचे गुण मोजले जातात आणि वर्ष उलटले की ते गळतात. त्यामुळे दुखापतीने घरी बसलेला खेळाडू न हरताही खाली घसरतो. मोठ्या स्पर्धांत नाव असूनही गैरहजर राहिल्यास दंड होतो. याच नियमावरून पॅरिस ऑलिंपिकचे एकेरीतील विजेते फान झेंडाँग आणि चेन मंग यांनी डिसेंबर २०२४मध्ये क्रमवारीतूनच नाव काढून घेतले. फान त्यानंतर जर्मनीतील झारब्रुकेन क्लबकडे गेले. क्रमवारीत नाव नसलेला ऑलिंपिक विजेता बुंडेसलिगात पगारी खेळाडू म्हणून खेळू शकतो. क्लबच्या कराराला क्रमवारीतील जागा लागत नाही.