शाळेची दुसरी घंटा

ज्युबिलीच्या या पुस्तिकेकरितां शाळेचा इतिहास लिहावा अशी आज्ञा झाली, तेव्हां आम्ही प्रथम हजेरीपट व निकालांचीं बुकें उघडून बसलों. त्यांत मुलांचीं नांवें सांपडलीं, गुण सांपडले. परंतु शाळा सोडून गेलेल्या माणसांच्या मनांत शाळेची जी आठवण उरते, ती त्या बुकांत कोठेंच आढळली नाहीं. भेटेल त्या माजी विद्यार्थ्यास विचारावें, तर कोणी नाताळच्या नाटकांत मेंढपाळ झाल्याचें सांगतो, कोणी कवायतीच्या ढोलाचें, तर कोणी मिस्सेच्या गायनवृंदांत पहिल्या रांगेंत उभें राहिल्याचें. अपूर्णांक कोणीं शिकविले हें त्यास आठवत नाहीं. गाणें कोणीं शिकविलें हें मात्र नांवानिशीं आठवतें. यास्तव शाळा सुटल्याच्या दुसऱ्या घंटेनंतर जें शिक्षण मिळतें, म्हणजे गायन, नाट्य, कवायत, हस्तकौशल्य व सहली, त्याचाच इतिहास येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा इतिहास आपल्या धर्मग्रामाहून पुष्कळ जुना आहे. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले, तेव्हां मुलांस शिकविण्याकरितां त्यांनीं इमारतीची वाट पाहिली नाहीं. हातांत घंटा घेऊन ते रस्त्यानें हिंडत. तिचा नाद ऐकून मुलें धांवत येत, व त्यांच्याकडून ते धर्माचीं तत्त्वें गाण्याच्या चालीवर म्हणवून घेत. ज्याच्यापाशीं पाटी नाहीं, पुस्तक नाहीं, त्या मुलास गाणें हेंच पुस्तक होय, हें त्या संतानें ओळखलें होतें. पुढें १५७९ सालीं गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपल्या मराठींत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचिलें, व तें १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. ज्यांस अक्षरओळख नव्हती त्यांनाही तें कानांनीं ऐकून मुखोद्गत करतां येत असे.

गोव्यांतील धर्मग्रामीय शाळांनीं हीच रीत पिढ्यानुपिढ्या चालविली. मुळाक्षरांबरोबरच तेथें मुलांस स्वरलिपि वाचण्यास, गाण्यास व व्हायोलिन वाजविण्यास शिकवीत. हेतु एवढाच कीं, रविवारच्या मिस्सेला गायनवृंद उभा राहावा. परंतु फळ हेतूपेक्षां मोठें निघालें. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत जे गोमंतकीय वादक पुढें नांवारूपास आले, त्यांतील पुष्कळांचा पाया अशाच शाळांत घातला गेला होता. माजोर्डा येथें १९२७ सालीं जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे देवळाच्या गायनशिक्षकाचे पुत्र. वडिलांच्या हाताखालीं शिकून ते मुंबईस आले व थोर व्हायोलिनवादक म्हणून मान्यता पावले. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटांतील एका गाण्यांत शिष्यानें गुरूचें नांव गुंफून आपली गुरुदक्षिणा दिली. तें गाणें आपल्या मुलांसही ठाऊक आहे. त्याचें मूळ देवळाच्या गायनशाळेंत आहे, हें मात्र थोड्यांस ठाऊक असेल.

इकडे युरोपांत ट्यूरिन शहरीं संत जॉन बॉस्को यांनीं १८४१ सालापासून रस्त्यावर भटकणारीं, गवंड्यांच्या हाताखालीं राबणारीं मुलें जमविण्यास आरंभ केला. लहानपणीं ते स्वतः डोंबाऱ्याचे खेळ शिकले होते. खेळ दाखवावा आणि मग प्रार्थना सांगावी, ही त्यांची बालपणापासूनची युक्ति. खेळ, गायन व नाटक हीं त्यांच्या शिक्षणांत शोभेचीं अंगें नव्हतीं, दारें होतीं. त्यांनीं आपल्या संस्थेस ज्या संत फ्रान्सिस द सेल्सचें नांव दिलें, त्याच सौम्य संताचें नांव घेऊन १८३८ सालीं फादर पीटर मेर्मिये यांनीं सव्हॉय प्रांतांत एक मिशनरी संघ स्थापिला. त्याच संघाचे धर्मगुरु आपल्या मध्य प्रांतांत व वऱ्हाडांत आले. १८८७ सालीं नागपूरचा धर्मप्रांत झाला. ८ मे १९५५ रोजीं त्यांतून अमरावतीचा धर्मप्रांत निराळा निघाला, बुलढाणा जिल्हा त्यांत आला, व त्याच संघाचे जोसेफ रोझारिओ हे पहिले बिशप झाले.

परंतु शाळेबाहेरचें शिक्षण आम्हीच वऱ्हाडांत आणलें असा अभिमान कोणीं बाळगूं नये. अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं जो आखाडा काढला, तोच पुढें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून प्रसिद्धीस आला. त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळ जगास दाखविले. वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्यें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली व हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण हा विचार तेथें पुढें आला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनें भजन खेडोपाडीं नेलें. मलखांब, तकली आणि खंजिरी हीं तिन्ही या मातींतलीं आहेत, व तीं मोलमजुरी करणाराच्या घरींही परवडणारीं आहेत. धर्मसभेनेंही ४ डिसेंबर १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या आदेशानें उपासनेस लोकभाषेचें दार उघडलें. तेव्हां लॅटिन शब्द पाठ करणाऱ्या गायनवृंदांच्या मुलांस आपल्या बोलींत, पेटी-तबल्यावर देवाची स्तुति करण्याचें भाग्य लाभलें.

या सर्व इतिहासांत एक धागा सारखा दिसतो. दुसऱ्या घंटेनंतरचें शिक्षण मुळांत गरिबाच्या मुलाकरितां निघालें. धनिकाच्या मुलास गाणें, खेळ व प्रवास घरींच मिळतात. मजुराच्या मुलास ते शाळेनें दिले तरच मिळतात.

आतां एक दोष कबूल केला पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही ज्या शाळेचे व्यवस्थापक होतों, तेथें स्नेहसंमेलनाकरितां भाड्याचे पोशाख आणण्याची चाल पडली. मुलांनीं पैसे आणावे, त्यांनीं नाचांत उभें राहावें. संमेलनाच्या संध्याकाळीं पडद्यामागें एक मुलगी इतरांच्या चपला व दप्तरें सांभाळीत बसलेली आम्हांस दिसली. तिची आई कापूस वेचावयास जाई. मुलगी रंगमंचावरील प्रत्येक गाणें ओठांतल्या ओठांत म्हणत होती. “तूं कां नाहींस गं?” असें विचारतां ती म्हणाली, “फादर, मला गाणं येतं, पण ड्रेस नाही.” त्या रात्रीं पाहुण्यांनीं कार्यक्रमाची फार स्तुति केली. आम्हांस ती ऐकवली नाहीं. चूक शिक्षकांची नव्हती, पालकांची नव्हती. ती आमचीच होती.

२००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें मुलाचा सर्वांगीण विकास हा अभ्यासक्रमाचा हेतु ठरविला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें अभ्यास व अवांतर उपक्रम यांमधील भिंत पाडावी असें म्हटलें. परंतु २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अल्पसंख्याकांच्या शाळा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेविल्या. कित्येकांस यांत सवलत दिसली. आम्हांस असें वाटतें कीं, जेथें कायद्याचें बंधन सैल होतें, तेथें सुवार्तेचें बंधन अधिक घट्ट झालें पाहिजे. गरिबाचें मूल आमच्या दारांत यावें हें सरकारनें सांगण्याची वाट जर आम्ही पाहूं लागलों, तर दारावरचा क्रूस कशाकरितां?

यास्तव ज्युबिलीनिमित्त सर्व धर्मग्रामस्थांस आमची विनंति आहे. दुसऱ्या घंटेनंतर शाळेंत जें जें शिकविलें जाईल, त्यास फी नसावी. पोशाख भाड्यानें न आणतां शिवणवर्गांत शिवावे व एका सामायिक पेटींत ठेवावे. ज्यास लागेल त्यानें घ्यावे व धुऊन परत करावे. नाताळच्या नाटकाच्या तालमी आणि कापसाची वेचणी एकाच हंगामांत येतात, म्हणून शेतावरून उशिरां येणाऱ्या मुलांकरितां तालमीची वेळ पुढें ढकलावी. सहलीस दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत लोणारचें सरोवर आहे. आकाशांतून पडलेल्या पाषाणानें झालेला तो खड्डा सुमारें १.८ किलोमीटर रुंद असून २०२० सालीं त्यास रामसर स्थळाचा मान मिळाला. जिजाऊंचें जन्मस्थान सिंदखेडराजाही आपलेंच. एस. टी.च्या भाड्यावांचून एकही मूल मागें राहूं नये, एवढी तजवीज ज्युबिलीच्या निधींतून सहज होईल.

संत झेवियरांनीं घंटा वाजविली तेव्हां कोणाचे पैसे मोजले नव्हते. नाद ज्याच्या कानीं पडला तो आला. आपल्या शाळेची दुसरी घंटाही तशीच वाजो, आणि पडद्यामागें चपला सांभाळीत एकही मूल बसलेलें न राहो, हीच बालकांस जवळ बोलावणाऱ्या प्रभु येशूच्या चरणीं आमची नम्र प्रार्थना.