जनुकांची नाती कशी जुळवली?

जीनोम वाचतात कसा, हे आपण मागच्या वेळी पाहिलं. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दोन वेगळ्या जिवाणूंमधलं जनुक मुळात एकच आहे, हे संगणकाला कळतं कसं?

गोष्ट सुरू होते 1970 साली. वॉल्टर फिच यांनी दोन शब्द दिले. एका प्रजातीच्या दोन प्रजाती झाल्या आणि पूर्वजाचं जनुक दोघींकडे आलं, तर ते ऑर्थोलॉग. एकाच जीनोममध्ये जनुकाची जास्तीची प्रत तयार झाली, तर त्या प्रती पॅरालॉग. ऑर्थोलॉग बहुधा जुनंच काम करत राहतात. पॅरालॉगचं तसं सांगता येत नाही.

पंचवीस वर्षं हा भेद बराचसा कागदावरच होता. 1995 मध्ये हिमोफिलस इन्फ्लुएन्झाचा अख्खा जीनोम वाचून झाला, पाठोपाठ मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियमचा. मग तुलना करणं भाग पडलं.

पहिली युक्ती अगदी साधी. 'अ' जीनोममधल्या जनुकाला 'ब'मध्ये सर्वांत जवळचं कोण, ते शोधायचं. मग उलट विचारायचं. दोघांनी एकमेकांचंच नाव घेतलं, तर जोडी पक्की. पण समजा, मूळ दोन प्रतींपैकी पहिली एकाकडून हरवली आणि दुसरी दुसऱ्याकडून. उरलेल्या दोघी एकमेकींचंच नाव घेणार, आणि आपण फसणार!

1997 मध्ये अमेरिकेतल्या एनसीबीआय या संस्थेतल्या तातुसोव्ह, कूनिन आणि लिपमन यांनी तिसरा साक्षीदार आणला. तीन वेगळ्या वंशांतली जनुकं एकमेकांना जुळली तर त्रिकोण होतो. समान बाजू असलेले त्रिकोण जोडत गेलं की गट. सात जीनोममधून असे 720 गट निघाले. त्यांना सीओजी म्हणतात. चूक पूर्णपणे टळत नाही, पण कमी होते.

आता म्हणाल, जनुकं हरवतात तरी किती? कुष्ठरोगाचा जिवाणू बघा. 2001 मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला, आणि तो नमुना मूळचा आपल्या तामिळनाडूतला. क्षयाच्या जिवाणूत सुमारे 4000 जनुकं. इथे चालू स्थितीतली 1600च्या आसपास, आणि 1100 हून अधिक नुसते अवशेष. हे अवशेष ओळखता आले ते क्षयाच्या जिवाणूशी जनुकागणिक ताडून पाहिल्यामुळेच.

पुढे जीनोमचा पूर आला. एकेक जोडी तपासणं जड जाऊ लागलं. 2015 मधल्या 'रोअरी'ने जवळजवळ सारखी जनुकं आधीच एकत्र बांधली, आणि एकाच प्रोसेसरवर 1000 नमुने साडेचार तासांत उरकले.

वेग वाढला, जबाबदारी मात्र तीच राहिली. नव्या जीनोममधल्या बहुतेक जनुकांचं काम कुणी प्रयोगशाळेत तपासलेलं नसतं. नात्यावरून नाव चिकटवलेलं असतं. नातं चुकलं की नाव चुकतं, आणि तेच नाव पुढच्या जीनोमवर जातं. म्हणून कुठलंही नाव वाचताना विचारायचं, हे नातं कुणाच्या साक्षीनं ठरलं?

इथे थांबतो. प्रश्न घेऊया.