सीमेअलीकडचा तिसरा पर्याय : खापर परिसर आणि स्वातंत्र्यवादी मत

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरील खापर या अक्कलकुवा तालुक्यातील गावाचा राजकीय इतिहास समजून घ्यायचा, तर 1 मे 1960 रोजी आखलेली राज्यसीमा आधी ध्यानात घ्यावी लागते. मुंबई राज्याची वाटणी होताना तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांतून 156 गावे गुजरातला देण्यात आली आणि एकमेकांशी सोयरीक असलेली, एकमेकांची बोली समजणारी भिल्ल कुळे दोन राज्यांच्या मतदारयाद्यांत विभागली गेली. खापर महाराष्ट्रात राहिले. या रेषेने महसूल आणि शाळेची भाषा बदलली, हे अनेकदा सांगितले जाते. परंतु मतपत्रिकेवर कोणते पक्ष बळ घेऊन उभे राहतील हेही तिनेच ठरवले, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे.

सीमा आखली जाण्याच्या आदल्याच वर्षी, 1959 मध्ये, चक्रवर्ती राजगोपालाचारी, मिनू मसानी आणि एन. जी. रंगा यांच्या पुढाकाराने स्वतंत्र पक्ष स्थापन झाला होता. काँग्रेसने जानेवारी 1959 च्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा, म्हणजे शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी एकत्र करून सामाईकपणे कसण्याचा ठराव केला आणि त्याच्या विरोधातून या पक्षाला धार आली. शेतकऱ्याची जमीन त्याच्याच ताब्यात राहावी, उद्योगाला पावलोपावली परवाना लागू नये आणि सरकारने नागरिकाच्या व्यवहारात कमीत कमी हात घालावा, ही त्याची भूमिका होती. अशा भूमिकेला येथे स्वातंत्र्यवादी म्हटले आहे. काँग्रेस आणि डावे पक्ष या दोहोंपासून वेगळा असल्यामुळे तो खऱ्या अर्थाने तिसरा पर्याय होता. गुजरातेत या पक्षाने 1962 साली विधानसभेच्या 154 पैकी 26 आणि 1967 साली 168 पैकी 66 जागा जिंकून प्रमुख विरोधी पक्षाचे स्थान मिळवले. महाराष्ट्रात मात्र या दोन्ही निवडणुकांत त्याला एकही जागा मिळाली नाही. सीमेपलीकडे, गुजरातेतील सागबाऱ्याच्या बाजूला ज्या पक्षाची सत्ताधाऱ्यांना राज्यभर धास्ती होती, तो खापरच्या बाजूला विधानसभेत अस्तित्वातच नव्हता.

या तफावतीचे एक कारण सर्वज्ञात आहे: संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने विरोधी राजकारणाची जागा आधीच डाव्या आणि समाजवादी पक्षांना दिली होती, आणि 1967 च्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचे 19 सदस्य होते ते त्याच परंपरेतून. सहकारी साखर कारखानदारीने सधन शेतकऱ्याला सत्ताधारी पक्षाशी बांधून ठेवले, हे दुसरे. ही दोन्ही कारणे पश्चिम महाराष्ट्राला जितकी लागू पडतात तितकी सातपुड्याच्या पायथ्याला पडत नाहीत, आणि म्हणूनच खापर परिसराचा विचार वेगळा करावा लागतो.

या परिसरात स्वातंत्र्याचा प्रश्न जमीन आणि जंगल या दोन शब्दांत सामावलेला होता. काठी, सिंगपूर, नाल, नवलपूर, चिखली आणि गव्हाळी या मेवासी जहागिरींमधील, म्हणजे स्थानिक प्रमुखांच्या निमस्वायत्त मुलखांमधील, मालकी हक्क 1961 च्या विनियमाने संपुष्टात आले. हा विनियम संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली, म्हणजे आदिवासी क्षेत्रांसाठी राज्यपालांना दिलेल्या खास अधिकारात, करण्यात आला होता. इतर प्रांतांत माजी संस्थानिक आणि जमीनदार स्वतंत्र पक्षाचे आधारस्तंभ झाले. परंतु ज्या भिल्ल कुटुंबाच्या ताब्यातील शेत वनखात्याच्या नोंदीत अतिक्रमण ठरत होते, त्याला मालमत्तेच्या हक्काची ही भाषा आपली वाटावी असे पक्षाने काहीच केले नाही. ही या पक्षाची सर्वांत मोठी चूक मानली पाहिजे, कारण नागरिकाच्या व्यवहारात सरकारने पावलोपावली आडवे येणे म्हणजे काय याचा अनुभव मुंबईच्या कारखानदारापेक्षा सातपुड्यातील शेतकऱ्याला अधिक होता.

पुढचा पेच याहून अवघड आहे. आदिवासींच्या जमिनी कर्जापोटी बड्या बागायतदारांकडे गेल्या, त्यातून शहादा-तळोदा भागात अंबरसिंग महाराज यांच्या नेतृत्वाखाली चळवळ उभी राहिली आणि 1972 मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. त्यानंतर 1974 च्या कायद्यांनी अशा जमिनी मूळ मालकाला परत देण्याची तरतूद केली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यास बंदी घातली. काटेकोर स्वातंत्र्यवादी दृष्टीने ही विक्रीच्या हक्कावरची मर्यादा ठरते. पण सावकाराच्या वहीवर उठवलेल्या अंगठ्याला मुक्त करार म्हणणे हा स्वातंत्र्याच्या कल्पनेवरच अन्याय आहे. हा पेच सोडवून मतदारासमोर जाईल असा पक्ष ना सीमेच्या अलीकडे निर्माण झाला, ना पलीकडे.

स्वतंत्र पक्ष 1974 मध्ये भारतीय लोकदलात विलीन झाला. त्याचा धागा महाराष्ट्रात शरद जोशी यांनी उचलला आणि शेतकरी संघटनेच्या अनुभवावर 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. 2004 साली राजुऱ्यातून वामनराव चटप यांच्या रूपाने त्याला विधानसभेत एक जागा मिळाली. तोवर कायदाही अशा पक्षाच्या आड आला होता: लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1989 पासून लागू झालेल्या 29-अ कलमानुसार नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादावरील निष्ठा लिहून द्यावी लागते, म्हणजे समाजवादाला विरोध करण्यासाठी जन्मलेल्या पक्षाला आधी समाजवादाची शपथ घ्यावी लागते. लोकशाहीत याहून उघड विसंगती शोधून सापडणार नाही. त्यात सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार निवडून येण्याची पद्धत तिसऱ्या पक्षाला मारक असते, असे फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युव्हर्जे यांनी 1951 मध्येच मांडले होते. आपले मत वाया जाईल या भीतीने मतदार दोन बलाढ्य पक्षांपैकी कमी नकोशा वाटणाऱ्याकडे वळतो. नंदुरबार लोकसभा मतदारसंघातून माणिकराव गावित सातव्यापासून पंधराव्या लोकसभेपर्यंत सलग नऊ वेळा काँग्रेसतर्फे निवडून गेले, या दीर्घ कालखंडात ही भीती किती खोल रुजली असेल याची कल्पना करता येते.

राज्यसत्तेपुढे व्यक्तीचा आणि गावाचा हक्क मांडण्याचे काम या तालुक्यात अखेर पक्षांऐवजी चळवळींनी केले. सरदार सरोवराच्या बुडिताला सामोरे गेलेले नर्मदाकाठचे मणिबेली अक्कलकुवा तालुक्यातच येते, आणि 1994 मध्ये जागतिक बँकेच्या मोठ्या धरणांना होणाऱ्या कर्जपुरवठ्याविरुद्ध जगभरातील संघटनांनी काढलेल्या जाहीरनाम्याला त्याच गावाचे नाव देण्यात आले. या लढ्याच्या नेत्या मेधा पाटकर 2014 मध्ये आम आदमी पक्षातर्फे लोकसभेला उभ्या राहिल्या, परंतु मतदारसंघ होता ईशान्य मुंबई, आणि तेथे त्या तिसऱ्या क्रमांकावर राहिल्या. त्याच निवडणुकीत नंदुरबारमध्ये माणिकराव गावितांचा पराभव झाला. तेथे निवडून आल्या भारतीय जनता पक्षाच्या हीना गावित.